सासू-सुनेची ड्यूटी

“नाक ओढू नकोस. पदर डोक्यावर नीट घे. आणि माझ्याकडं असं थेट बघून बोलायचं नाही, सून सासूकडं असं बघत नसती,” अनसूयाताई ओठ फारसे न हलवता म्हणाल्या.

आम्ही दोघी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस. दुपारचं ऊन दगडांतून वर येत होतं. माझ्या अंगावर हिरवी जरीची साडी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात आदल्या दिवशी सोनाराकडून आणलेली जोडवी, खांद्याला पैशाची पिशवी. ताई नऊवारीत होत्या. कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत बाळासाठी घेतलेली कुंची, टोपरं आणि घडी घातलेलं दुपटं. त्या दुपट्याच्या घडीत साहेबांनी दिलेला छोटा टेपरेकॉर्डर होता.

मी तेव्हा पोलीस खात्यात नवी होते. संजीवनी पौळ, महिला शिपाई, लग्न व्हायचं होतं. अनसूया खिल्लारे हवालदार होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. परभणी जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या ठाण्यात आम्ही दोघीच बायका. बंदोबस्ताला दोघी, रात्रपाळीला दोघी, बाईची झडती असली की दोघी. त्या कमी बोलत. डबा मात्र दोघींचा आणत.

“ताई, मला भीती वाटायलीय,” मी खाली बघत म्हटलं.

“वाटू दे. भ्यालेली सून चांगली दिसती.”

समोर फुगे विकणारा आमचाच शिपाई होता. एसटी स्टँडच्या आडोशाला खासगी जीपमध्ये लहाने साहेब, आमचे इन्स्पेक्टर, चार माणसं घेऊन बसले होते. ठरलं होतं असं की चंद्राअक्का नावाची बाई बाळ घेऊन देवळात येईल, बाळ आमच्या हातात पडलं की मी पदर खांद्यावर घ्यायचा, की साहेब येतील. सरळ काम होतं. कागदावर सगळीच कामं सरळ असतात.

हे सगळं सुरू झालं ते शेवंतामुळं. शेवंता ऊसतोड मजूर. नवऱ्याबरोबर कारखान्यावरून परत येताना वाटेतच तिच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेली. सकाळी शुद्धीवर आली तेव्हा तिथल्या आयेनं सांगितलं, मूल मेलेलं जन्मलं, पुरून टाकलं. शेवंता म्हणाली, मी त्याला रडताना ऐकलंय. दवाखान्यानं तिला हाकलून लावलं. मग ती रोज ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसायला लागली. आमच्यातले काही म्हणायचे, बाळंतपणात डोकं फिरलंय बिचारीचं. एक दिवस मी पाहिलं, ड्यूटी संपल्यावर अनसूयाताई तिच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. दोघी बोलत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताई साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, बाईनं रडणं ऐकलंय. आईला त्यात चूक होत नसती.”

साहेबांनी माणसं कामाला लावली. दवाखान्यातली आया काम सोडून गेली होती, तिचं नाव चंद्रकला, लोक तिला चंद्राअक्का म्हणत. ती निपुत्रिकांना मुलं ‘मिळवून देते’ असं कळलं. साहेबांच्या खबऱ्यानं निरोप पोहोचवला की गंगाखेडकडच्या एका शेतकरी घराला वारस पाहिजे, सासू-सून दोघी येतील, घरच्या पुरुषाला काही माहीत नाही. आणि अक्कानं होकार कळवला.

त्याआधी दोन-तीन वेळा साहेबांनी केबिनमध्ये आमची तालीम घेतली होती. ताई सासू म्हणून बोलायला लागल्या की माया पाझरायची. साहेब हसून म्हणाले, “खिल्लारेबाई, जरा सासूसारखं बोला की. अशी सासू मिळाली तर सगळ्या पोरी लग्नाला उभ्या राहतील.”

“वेळेला येईल साहेब,” ताई म्हणाल्या होत्या.

चंद्राअक्का आली ती मोकळ्या हातानं. उंच, धिप्पाड बाई, पांढरंशुभ्र पातळ, तोंडात पान. आमच्यापुढून एकदा गेली, परत आली, मग ताईंच्या शेजारी टेकली.

“गंगाखेडच्या का?”

“व्हय.”

“लेकरू इथं कसं आणू बाजारात? गाडी उभी आहे. बसा गाडीत. बघून घ्या, पसंत पडलं तर घेऊन जा.”

गाडीत बसायचं ठरलं नव्हतं. नाही म्हटलं तर अक्का उठून जाणार आणि शेवंताचं मूल कुठल्या कुठं जाणार, हे कळत होतं. मी ताईंकडं बघितलं. थेट बघायचं नाही हे विसरून बघितलं.

“काय बघत बसलीस? चल,” ताई खेकसल्या आणि उठल्या.

पांढरी व्हॅन होती. चालवणारा गुलाब म्हणून अक्काचा भाचा. पंचविशीचा, दाढी राखलेला, गळ्यात काळा दोरा. गाडी बाजारातून निघाली तशी मी बाजूच्या आरशात बघत राहिले. मागं दूरवर साहेबांची जीप दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. मग रेल्वेचं फाटक आलं. फाटकवाला दांडा खाली सोडत होता. गुलाबनं गाडी दामटली, आम्ही पलीकडं निघालो आणि दांडा आमच्या मागं पडला. मालगाडी यायला लागली. डब्यांमागून डबे, संपेचनात. जीप पलीकडं राहिली.

मी मागं वळून बघायला गेले, बांगड्या वाजल्या. ताईंनी पिशवी मांडीवरून माझ्या मांडीवर ठेवली आणि त्याखाली माझा हात घट्ट धरला. तोंडानं मात्र म्हणाल्या, “धर की जरा. सगळं मीच धरू का या वयात?”

गाडी थांबली ती गावाबाहेरच्या एका बंद जिनिंगमध्ये. कधीकाळी तिथं कापसाची सरकी काढत. आता शेडचे पत्रे उचकटलेले, जाळ्यांना कापसाचे पुंजके चिकटलेले. मधल्या मोकळ्या जागेत मोठा सिमेंटचा हौद होता. कापसाला आग लागली तर पाणी हाताशी असावं म्हणून बांधलेला. त्याच्या पलीकडं वॉचमनची खोली. एकच दार, एकच गजांची खिडकी.

आत एक खाट आणि मागं गोणपाटाचा पडदा. अक्का खाटेवर बसली. आम्हाला जमिनीवर बसवलं. गुलाब दारात उभा राहिला.

“लग्नाला किती वर्सं झाली पोरी?”

“आठ,” मी म्हटलं. हे पाठ होतं.

“नवरा काय करतो?”

“शेती.”

“तू?”

“मी पण शेतातच.”

अक्कानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती. ती माझ्या पायांकडं बघत होती. मी पाय साडीत ओढायला गेले, तोवर उशीर झाला होता.

“शेतात जाणाऱ्या बाईचे पाय असे असत्यात का गं?” अक्का म्हणाली. “पोटऱ्या काळ्या आणि खाली पाय पांढरे. मधी रेघ मारल्यागत. हे पाय बुटातले हायेत. जोडवी पण कालची दिसायलीत. गुलाब, दार लाव.”

खात्याचे बूट. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायात असलेले. नट्टापट्टा करताना आम्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. 

आणि तेव्हाच माझ्या गालावर सणसणीत चपराक बसली.

“सांग की आता!” अनसूयाताई उठून माझ्यावर धावल्या होत्या. “सांग तिला पायाचं! माझ्या तोंडानं सगळ्या गावाला सांगून झालं, आता तूच सांग!” मग अक्काकडं वळल्या. “बाबानं सांगितलं होतं हो अक्का, वर्षभर हिचा पाय धरणीला लागू देऊ नका, मग कूस उजवेल. वर्षभर बूट-मोजे घालून फिरवली हिला. शेतात सुद्धा. बायका हसायच्या. जोडवी काढून देवीला वाहिली, ही नवी केली. काय झालं? काही झालं नाही. हिच्या पायांचं काय बघता तुम्ही? ह्या पायांनी माझ्या घराचं माप ओलांडलं आणि माझा वंश तिथंच थांबला.”

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो आवाज त्यांचा नव्हताच. घोगरा, शांत, दातांत धरून बोलल्यासारखा.

“हिला मी तुळशीला पाणी घालू देत नाही. वाळून जाईल. गाय व्यायला झाली की हिला गोठ्याकडं फिरकू देत नाही. कुणाच्या बारशाला गेली की बायका लेकरांची तोंडं पदरानं झाकत्यात, आणि ही निलाजरी पाळण्याला हात लावायला पुढं. मी म्हणते, तुला लाज नाही? रिकामं जातं घरघर करतंय नुसतं, पीठ कुठाय? माझ्या लेकानं दुसरी करावी म्हणून मी पाया पडले त्याच्या. दुसरी आली तर ही भांडी घासायला तरी कामाची. पण माझा लेकच येडा. म्हणून आलेय तुमच्या दारात, चोरासारखी. द्यायचं असेल तर द्या, न्हाईतर ह्या वांझोटीला इथंच सोडून जाते, ठेवा तुम्हीच!”

मी रडायला लागले. नाटक म्हणून नाही. ते ऐकत असताना कुणालाही रडू आलं असतं. मला खरंच वाटायला लागलं होतं की मी आठ वर्षं त्या घरात राहिलेय.

अक्कानं जीभ टाळूला लावून च्च च्च केलं.

“बस कर बाई. पोरीचा जीव घेशील,” ती म्हणाली, आणि उठून गोणपाट बाजूला सारलं.

मागं साबणाच्या खोक्यात, जुन्या साडीत गुंडाळलेलं बाळ होतं. मूठभर जीव. उजव्या कानामागं तीळ. शेवंतानं त्याला कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं खुणा सांगायला कुणी नव्हतं. अक्कानं त्याला उचलून माझ्या हातात दिलं. मान लटकी पडली. मी सावरली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले.

“लेकरू उठंना का झालंय?” ताईंनी विचारलं. आवाज पुन्हा थोडा त्यांचा झाला होता.

“अफू चाटवलीय इल्लीशी. वाटेत रडू नये म्हणून. उठंल रात्रीपर्यंत.”

ताईंनी बाळाच्या छातीवर हात ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मान किंचित हलवली, फक्त मला कळेल अशी. श्वास मंद होता, वेळ नव्हता.

“पैशाची पिशवी द्या,” गुलाब म्हणाला आणि माझ्या खांद्यावरची पिशवी त्यानं ओढूनच घेतली. वरवरच्या नोटा बाजूला करून त्यानं हात आत घातला. खाली वर्तमानपत्राचे कापलेले कागद होते.

त्यानं एकदा कागदांकडं पाहिलं, एकदा माझ्या पायांकडं.

“अक्का, पोलीस हायेत!”

पुढचं सगळं एकदमच झालं. अक्कानं झडप घालून माझ्या हातातलं बाळ हिसकलं आणि दार उघडून बाहेर पळाली. गुलाबनं कमरेची सुरी काढली. मी दाराकडं धावले, तो आडवा आला, आणि त्याच्या-माझ्यामध्ये नऊवारीतल्या अनसूयाताई घुसल्या. सुरीचं पातं त्यांच्या हातात होतं. मूठ नव्हे, पातं. डाव्या हातानं त्यांनी ते मुठीत धरलं होतं आणि रक्त मनगटावरून बांगड्यांत उतरत होतं.

“ताई!”

“माझ्याकडं नको बघूस! लेकरामागं जा!”

मी उंबऱ्यात थबकले. ठाण्यात पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं, जोडीदाराला टाकून जायचं नाही. तेही ताईंनीच शिकवलं होतं.

“जा म्हणते ना!” त्यांनी उजव्या हातानं मला बाहेर ढकललं. दार माझ्या पाठीवर आपटलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

क्षणभर मला वाटलं ती गुलाबनं लावली. मग आतून त्याचंच ओरडणं आलं, “कडी काढ! म्हातारे, कडी काढ!” आणि मला कळलं.

अक्का हौदाजवळ पोहोचली होती. मी धावले. पदर पायात आला, तो खोवला, पुन्हा धावले. तिनं मागं वळून पाहिलं, मी हाताच्या अंतरावर आले होते. तिनं धमकी दिली नाही. नकोसं गाठोडं टाकावं तसं बाळ हौदात भिरकावलं आणि शेडच्या बाजूनं रस्त्याकडं पळत सुटली. तिला पकडायचं की पाण्यात उडी घ्यायची याचा विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच ते केलं होतं. पण मला विचार करावाच लागला नाही.

मला पोहता येत नव्हतं. पाणी छातीपर्यंत होतं हे आत पडल्यावर कळलं. हिरवं, शेवाळानं भरलेलं. पाय तळाशी सरकत होते. मी दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते. हाताला कुजकी पानं लागली, कापसाचा लगदा लागला, आणि मग साडीचा काठ. मी तो ओढला. बाळ वर आलं, निळसर, गप्प. त्याला मी पालथं धरलं, पाठीवर थोपटलं, आईनं घरात लहान भावंडांना केलेलं बघितलं होतं तसं. पाणी आलं तोंडातून. पुन्हा थोपटलं.

आणि ते रडलं.

थंड पाण्यानं अफूची गुंगी पण उतरवली असावी. इतकं मोठ्यानं रडलं की शेडच्या पत्र्यांवर बसलेली कबुतरं उडाली.

हौदातून कशी बाहेर आले आठवत नाही. त्याला ओल्या पदरात गुंडाळून मी खोलीच्या दाराशी गेले. आत काहीतरी आपटत होतं, कुणीतरी धापा टाकत होतं. मी दारावर लाथा मारल्या.

“ताई, उघडा! मी आलेय!”

आत सगळं क्षणभर थांबलं.

“लेकरू?” ताईंचा आवाज आला.

“आहे! रडतंय! ऐका ना, रडतंय!”

“मग इथं काय करायलीस? लांब जा त्याला घेऊन. रस्त्यावर जा. साहेब येतील.”

“ताई, कडी काढा, मी—”

“पौळ!” त्यांनी मला आडनावानं कधी हाक मारली नव्हती. “हा हुकूम आहे.”

मी गेले. रडणारं मूल छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मागं खोलीतून येणारे आवाज ऐकत होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बंदोबस्त केले, दंगली पाहिल्या, पण त्या रस्त्यावर उभं राहण्याइतकं अवघड काम मला कुणी सांगितलं नाही.

फाटकवाल्यानं व्हॅन जिनिंगकडं वळताना पाहिली होती. त्यानंच साहेबांना रस्ता दाखवला. जीप आली ती मागच्या सीटवर चंद्राअक्काला दाबून. ती वाटेत त्यांच्याच समोर धावत आली होती. एका शिपायानं मला आणि बाळाला लगेच जीपमध्ये घातलं, तरी दार फोडेपर्यंत मी खाली उतरलेच.

दार फुटलं. आत खाट उलटी पडली होती. खाटेखाली गुलाब होता, तोंड जमिनीत रुतलेलं. आणि खाटेवर अनसूयाताई बसल्या होत्या, सगळा भार टाकून. नऊवारी रक्तानं भिजलेली. एक वार खांद्यावर, एक मांडीवर. डावा हात पुन्हा पात्यावर मिटलेला.

साहेब पुढं झाले, तशा त्या म्हणाल्या, “आधी याला बेडी घाला साहेब. मग माझा हात सोडवा. माझा मला सुटेना.”

सरकारी दवाखान्यात मी रोज जात होते. बाळ खालच्या मजल्यावर, ताई वरच्या. डाव्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी जोडल्या, पण मधली तीन बोटं पुढं कधी वळली नाहीत.

“गाल दुखला का गं?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

“नाही. ताई, कडी का लावलीत? मी आले असते आत.”

“म्हणूनच लावली.”

मी पेज भरवत होते. त्यांनी दोन घास घेतले. मग म्हणाल्या, “तिथं बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस.”

“छे. पण ताई, कुठून सुचलं तुम्हाला ते सगळं? तालमीत तर तुम्हाला एक शब्द येत नव्हता.”

“सुचलं कुठून तरी,” त्या म्हणाल्या, आणि बाजूला तोंड करून पाणी मागितलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. बाळ शेवंताचंच निघालं. ज्या दिवशी ते तिच्या ओटीत दिलं त्या दिवशी ताईंना उठायची परवानगी नव्हती.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. माझी साक्ष आदल्या दिवशी संपली होती, म्हणून ताईंच्या साक्षीला मला आत बसता आलं. शेवंता मागच्या बाकावर होती. पोरगं तिच्या मांडीवर झोपलेलं. आरोपींच्या वकिलांनी टेप पुराव्यात आली आहे तर सगळ्यांसमोर वाजवा, असा आग्रह धरला. दुपट्याच्या घडीत गुंडाळलेल्या त्या टेपरेकॉर्डरनं सगळं पकडलं होतं. भरल्या कोर्टात तो आवाज घुमला. तुळस. गोठा. पाळणा. रिकामं जातं. पट्टेवाला सुद्धा दारात थांबून ऐकायला लागला. ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सरळ उभ्या होत्या, गणवेशात, डावा हात बाजूला.

टेप थांबली. वकील उठले. नावाजलेले होते, मोठी फी घेणारे.

“हवालदारबाई, तुमचं लग्न झालेलं आहे?”

“झालं होतं.”

“मुलं?”

“नाहीत.”

“म्हणजे सून नाही, जावई नाही. सासूपण तुम्ही कधी केलेलं नाही.”

“नाही.”

“आणि तरी इतकं तयार भाषण? न अडखळता? एखाद्या नटीला लाजवेल असं?” ते न्यायाधीशांकडं वळले. “माझं म्हणणं असं आहे की हे सगळं आधी लिहून, घोकून घेतलेलं नाटक आहे. माझ्या अशिलांना गोवण्यासाठी रचलेलं. सांगा बाई, हे संवाद तुम्हाला कुणी लिहून दिले? लहाने साहेबांनी?”

“नाही.”

“मग कुणी?”

ताईंनी टेपरेकॉर्डरकडं पाहिलं. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला. “प्रश्नाचं उत्तर द्या बाई.”

“माझ्या सासूनं, साहेब,” ताई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. मग ते हसू तिथंच थांबलं.

“मी तिच्या घरात नांदत होते तोवर रोज हेच ऐकलं. सकाळी उठल्यापासून. शब्द तिचेच आहेत, त्यात माझं काही नाही. पायाचं आणि बाबाचं पण खरं आहे, वर्षभर मी बूट घालून निंदणी केलीय. पुढं दुसरी आली. मग मी निघाले तिथून, आणि खात्यात भरती झाले. त्या दिवशी चंद्राअक्का माझ्या पोरीच्या पायांकडं बघत होती,” त्यांनी माझ्याकडं बोट केलं, “दारात सुरीवाला होता. मला दुसरं काही पाठ नव्हतं, म्हणून ते म्हटलं.”

वकील कागद चाळत उभे राहिले.

“आणखी काही विचारायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही,” वकील म्हणाले आणि बसले.

आम्ही बाहेर आलो. इतकी वर्षं मी त्यांच्या डब्यातलं खात होते, बरोबरीनं गस्त घालत होते, आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

“तोंड का पाडलंस?” त्याच म्हणाल्या. “बरंच झालं की. इतकी बोलणी खाल्ली जन्मात, एकदा तरी कामाला आली.”

त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर टेकल्या. शेवंता मागून आली. पोरगं जागं झालं होतं, किरकिर करत होतं. खांद्यावर एक गाठोडं, हातात पाण्याची बाटली, तिला आवरेना. आमच्याशी काही मोठं बोलायला ती आली नव्हती. नळ कुठं आहे ते बघत होती.

“ताई, याला जरा धरता का?” ती म्हणाली. “मी पाणी भरून येते. तोंड पण धुते.”

आणि उत्तराची वाट न बघता तिनं पोरगं ताईंच्या मांडीत ठेवलं आणि गेली.

ताई क्षणभर अवघडल्या. मग न वळणारा डावा हात त्यांनी पोराच्या पाठीशी आडवा लावला, उजव्यानं त्याचं नाक पुसलं. पोरानं त्यांच्या खांद्यावरची शिट्टीची दोरी ओढली, शिट्टी तोंडात घातली. ती वाजेना, तशी त्यांनी फुंकून दाखवली. सगळं आवार वळून बघायला लागलं.

नळावर शेवंतानं सावकाश तोंड धुतलं. पाय धुतले. बाटली भरली. मग तिथंच सावलीत एक ओळखीची बाई भेटली, तिच्याशी बोलत उभी राहिली. मी तिच्याकडं बघत होते. तिनं एकदाही लेकराकडं वळून पाहिलं नाही.